पाण्याचं प्रगतिपुस्तक

'मार्क्ड इम्प्रूव्हमेंट' हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. परवा दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई माझ्या गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरून तेच म्हणाली आणि मी तिच्यावर खेकसलो, "डोंबलाची सुधारणा! दुखतंय ते दुखतंयच." बायको घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिला तरी काय सांगणार? या दोन शब्दांचं आणि माझं जुनं भांडण आहे, आणि ज्यांच्याशी ते भांडायचं ते सर आता उरलेले नाहीत.

सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी देशावरून नुकताच वसईला आलो होतो, शाळेत गणित शिकवायला. राहायला जागा नव्हती. इंग्रजी शिकवणारे सर पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये म्हणाले, "निर्मळला आमची वाडी आहे. पडवीतली खोली रिकामी आहे. उंदीर आहेत, पण गेल्या वर्षीपेक्षा मार्क्ड इम्प्रूव्हमेंट आहे." मी हसलो. ते हसले नाहीत. मग मला कळलं की हा माणूस गंमत करत नाही, हा असाच बोलतो.

लक्षात येण्याजोगी सुधारणा, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. पण सर ते असे वापरायचे की जगात सुधारण्यावाचून दुसरं काही घडतच नसावं. शाळेच्या एका वर्गाचं छप्पर पावसात कोसळलं, तर दुसऱ्या दिवशी वर उघड्या आभाळाकडे बघून म्हणाले, "उजेडाच्या दृष्टीने मार्क्ड इम्प्रूव्हमेंट." आमचे ड्रॉइंग मास्तर शेवटचे दिवस मोजत होते. आम्ही सगळे भेटायला गेलो. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "काल कण्हत होते. आज शांत पडलेत." आणि पुढे तेच. मी तिथेच त्यांना म्हणालो, "सर, निदान इथे तरी नको." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वावगं बोललो होतो.

उंच, वाळकुडा माणूस. पांढरी पँट, सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून घोट्याशी सुतळीने बांधलेली. शर्टाच्या खिशात सोनचाफ्याची फुलं. वाडीतून निघताना तोडायची आणि शाळेत येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला एकेक देत यायचं. खिसा कायम पिवळा. भाजीची टोपली घेऊन निघालेल्या बाया लांबूनच "सर, फूल" म्हणून हात पुढे करायच्या. मला कधी दिलं नाही. म्हणाले, "तू घरचा."

त्यांच्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्याच्या रकान्यात एकच शेरा असे. पहिल्या नंबराला तो, शेवटच्या नंबरालाही तोच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तकांचा गठ्ठा चाळला. "सगळ्यांचीच सुधारणा होते इथे?"

"होय साहेब."

"मग निकाल असा का?"

"निकाल मार्चचा आहे साहेब. शेरा दिवाळीचा आहे," सर म्हणाले. हेडमास्तरांनी चहा मागवला.

मी मात्र भांडलो. माझ्या विषयात शंभरात नऊ मार्क मिळवलेली एक मुलगी होती, मिठागरात काम करणाऱ्या माणसाची. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. तिच्या पुस्तकात हा शेरा बघून मी स्टाफरूममध्ये टेबलावर पुस्तक आपटलं. "सर, हे खोटं आहे. बापाला काय वाटेल?"

"बापाला बरं वाटेल."

"आणि तिला?"

"तिला वाचता येतं ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग होईल. आधी लिहायचं असतं. मग होतं."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्याला कारण होतं. लहानपणी त्यांचे वडील त्यांना शाळेतून काढून वाडीला लावणार होते. तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या मास्तरांनी पुस्तकात हा शेरा लिहिला. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, ते पुस्तक घेऊन चर्चच्या फादरांकडे गेले. फादरांनी अर्थ सांगितला. वडील परत आले, पुस्तक कोनाड्यात ठेवलं आणि शाळा सोडवायचं नाव पुन्हा काढलं नाही. "मी दोन विषयांत नापास होतो," सर सांगायचे. "पुढच्या वर्षी पास झालो. व्हावंच लागलं."

ती मुलगी पुढच्या वर्षी गणितात पास झाली, काठावर का होईना. मला कबूल करावं लागलं. पण दुसरा एक विद्यार्थी त्याच शेऱ्याच्या भरवशावर चार वेळा मॅट्रिकला बसला आणि शेवटी घरातून निघून गेला, हेही मी त्यांना ऐकवलं. त्या संध्याकाळी सर जेवले नाहीत, असं काकी म्हणाल्या.

काकी म्हणजे सरांच्या बायको. मूलबाळ नव्हतं. त्यांचं माहेर खाडीकडच्या मिठागरांच्या गावात, तिथलीच बोली तोंडात. बोट बुडवून जिभेला लावलं की पाण्यात मीठ किती ते सांगायच्या. लहानपणापासून तेच केलेलं. सर इंग्रजीचे, काकी मिठाच्या, आणि दोघांच्या मध्ये वाडी. वाडीवर दोघांचा सारखाच जीव होता.

वाडीत बावखल होतं. वसईत वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याला बावखल म्हणतात. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, भोवती केळी आणि जास्वंदी. पूर्वी त्यावर रहाट असे. मग पंप आले. सगळ्यांनी घेतले, सरांनीही घेतला. तिकडे माणिकपूरला स्टेशनजवळ बिल्डिंगा उठायला लागल्या, त्यांना पाणी हवं, म्हणून गावात टँकर यायला लागले. पाच-सहा वाड्या सोडून एकाने बावखलाचं पाणी टँकरला द्यायला सुरुवात केली. मग दुसऱ्याने. दोन उन्हाळ्यांत सरांच्या बावखलाचं पाणी मचूळ झालं, तिसऱ्या उन्हाळ्यात खारट. पानवेल गेला. ज्या पानमळ्यात आजोबांच्या काळापासून कुणी चप्पल घालून पाऊल टाकलं नव्हतं, तिथे वेलांना आधाराला लावलेले पांगाऱ्याचे नुसते खुंट उभे राहिले. माणिकपूरचा एक माणूस कातडी बॅग घेऊन रविवारी येऊ लागला. वाडी द्या म्हणायचा.

मी खोलीतून ऐकत असायचो. तो फार गोड बोलायचा. सर त्याला चाफ्याचं फूल द्यायचे आणि वाटेला लावायचे.

त्या दिवाळीनंतर सरांनी पंप काढून टाकला. अख्खं गाव हसलं. सरांचं म्हणणं असं की जमिनीखाली गोडं पाणी वर आणि खारं पाणी खाली असतं. पंप हिसका मारून ओढतो, खालचं वर येतं. रहाट वरचं वरचं उचलतो, सावकाश. सुताराकडून त्यांनी जुना रहाट दुरुस्त करून घेतला, कुठून तरी एक रेडा आणला आणि एका गड्याला त्याच्यामागे फिरायला ठेवलं. मी गणिताचा माणूस, मला ते बरोबर वाटलं. आजही वाटतं. पण आजूबाजूला सगळे पंप दिवसभर ओढत असताना एकट्या सरांचा रहाट काय करणार होता? हे मला तेव्हा दिसत होतं. मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

बॅगवाल्याला सरांनी सांगितलं, "अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. पाणी सुधारलं तर मी पावसाळ्यात पानवेल लावणार. नाही सुधारलं तर सही करीन." सरांचा शब्द म्हणजे शब्द. तो माणूस खूश होऊन गेला.

आणि सरांनी शाळेतून एक कोरं प्रगतिपुस्तक आणलं. विद्यार्थ्याचं नाव: बावखल. इयत्तेच्या जागी रेघ. त्यात रोजची तारीख आणि शेरा. रोज सकाळी रहाट सुरू झाला की काकी पन्हळीखाली तांब्या धरायच्या आणि आणून द्यायच्या. सर डोळे मिटून एक घोट तोंडात घोळवायचे, गिळायचे आणि पुस्तकात लिहायचे. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी तो शेरा पडणार. मी मुद्दाम डोकावून बघितलं. 'नो चेंज.' दुसऱ्या दिवशी 'नो चेंज.' महिना झाला, दोन झाले, पुस्तकभर तेच.

"सर, इथे बरा हात आखडता?" मी टोमणा मारला.

"माणसांना देतो तसा पाण्याला शेरा देता येत नाही रे," ते म्हणाले. "पाण्याला वाचता येत नाही."

मला या माणसाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला तो त्या सकाळी. जगभर खोटं वाटत फिरणारा माणूस एका ठिकाणी खरं लिहीत होता आणि त्याचीच त्याला रोज शिक्षा होत होती. होळी आली तसं पाणी उतरलं आणि आणखी बिघडलं. एका सकाळी 'नो चेंज' खोडून 'वर्स' लिहिलेलं मी पाहिलं. सरांचं बोलणं बंद झालं. शाळेत फुलं येईनाशी झाली. ताटावर बसायचे आणि भातात बोटं फिरवून उठायचे. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, तास संपेपर्यंत.

एक दिवस काकी माझ्या खोलीच्या दारात आल्या. मी पहाटे सायकलवर शेजारच्या गावात दूध आणायला जात असे. त्या म्हणाल्या, "मास्तर, एक किटली जास्त न्याल? तिकडं चर्चच्या इहिरीचं पानी गोड हाय. तेवढं आना."

"प्यायला?"

"त्येंच्यासाठी. तांब्यात घालीन."

मला लगेच कळलं. मी म्हणालो, "काकी, हे बरोबर नाही. उद्या ते पानवेल लावतील या पाण्याच्या जिवावर."

"लावू देत. जगले तर लावतील ना," त्या म्हणाल्या. "वाडी गेली तर ह्यो मानूस जानार, मास्तर. मी बघत्ये ना रोज. मला कोनी सांगायला नको." आणि मग त्या रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मी किटली घेतली.

चर्चच्या आवारातल्या विहिरीवर पंप लावायला फादरांची मनाई होती, म्हणून ती गोड राहिली होती. तिच्यावर करंजाचं मोठं झाड होतं. त्याची बारीक फुलं पाण्यात गळून पडायची. मी रुमालातून पाणी गाळून घ्यायचो. घंटा वाजवणारा म्हातारा रोज विचारायचा, "मास्तर, तुमच्या गावात पानी नाय का?" मी रोज काहीतरी थाप मारायचो. काकी स्वयंपाकघरात बसून मिश्रण करायच्या. पहिल्या दिवशी बावखलाच्या तांब्यात माझ्या किटलीतलं दोन घोट. आठवड्याने चार. बोट बुडवून, जिभेला लावून, मान हलवून. मिठागरवाल्यांची लेक ती. एकदम गोड केलं असतं तर पकडलं गेलं असतं. त्यांनी पाणी असं सुधारवत नेलं की देवालाही शंका येऊ नये. मग रहाटाकडे जायच्या, पन्हळीखाली वाकल्यासारखं करायच्या आणि तोच तांब्या घेऊन यायच्या.

अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी सरांनी घोट घेतला. बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग काकींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, खाली बसून पुस्तक मांडीवर घेतलं आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. मार्क्ड इम्प्रूव्हमेंट. काकी तांब्या घेऊन घाईघाईने आत गेल्या. मीही खोलीत जाऊन कडी लावली. त्या दिवशी सर दोन वेळा वाढून घेऊन जेवले. बॅगवाला आला तेव्हा त्याच्यासमोर पुस्तक उघडून धरलं. तो बिचारा इंग्रजी वाचत बसला.

पावसाळ्यात पानवेल लागला. काय सुरेख लागला. पावसात सगळीच बावखलं गोड होतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत वेल पांगाऱ्यावर चढले. सर शाळेतून येऊन चपला कुंपणाशी काढायचे आणि अंधार पडेपर्यंत आत असायचे. मला वाटायला लागलं, कोण जाणे, लिहिलं की होतंही असेल. मी गणिताचा माणूस, पण मला असं वाटलं हे खरं आहे.

माघात पानांच्या कडा करपल्या. काकी म्हणाल्या, रोग हाय. फाल्गुनात पानं गळायला लागली. मी रोज किटली आणत होतो आणि काकी रोज तांब्या भरत होत्या, पण वेलाला कोण तांब्याने पाजणार? त्याला पन्हळीचंच पाणी जात होतं. मग एका सकाळी काकींनी माझी किटली घेतलीच नाही. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मास्तर. बास झालं." त्या पन्हळीशी गेल्या आणि खरंखुरं पाणी भरून आणलं. सरांनी घोट घेतला. थांबले नाहीत. सगळा तांब्या घटाघट प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. ते पाणी मी नंतर चाखलं, तोंडात धरवत नव्हतं. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि शाळेत गेले. पुस्तकात त्या दिवशी काही लिहिलं नाही, पुढेही कधी नाही.

सही झाली. बॅगवाला बूट घालून पानमळ्यात फिरला, पावलांनी मापं घेत. कुणी त्याला अडवलं नाही. कामणच्या बाजूने मुरमाचे ट्रक यायला लागले आणि बावखल आठ दिवसांत बुजलं. पहिल्या ट्रकच्या वेळी काकी मागीलदारी भांडी घासत होत्या, त्या घासतच राहिल्या. मी माणिकपूरला खोली बघितली. जाताना सरांच्या पाया पडलो तर म्हणाले, "जागा चांगली आहे तुझी, हवेशीर." शेरा दिला नाही. मग कोणालाच दिला नाही. त्या वर्षीच्या पुस्तकांत शेऱ्याचे रकाने कोरे राहिले आणि हेडमास्तरांनी ते स्वतः भरले.

पुढे माझी नोकरी दुसरीकडे गेली. सहा-सात वर्षांनी कामासाठी वसईला आलो आणि कळलं की सर आजारी आहेत. वाडीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्येच त्यांना तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली होती. खाली टँकर उभा होता, बाया हंडे घेऊन भांडत होत्या. काकींनी दार उघडलं. त्या एवढ्याशा झाल्या होत्या.

सर पलंगावर होते. चादरीखाली माणूस आहे की नाही असं वाटावं. डोळे तेवढे तेच. आणि माझ्या तोंडून, देव मला क्षमा करो, तेच निघालं. म्हणालो, "सर, मला वाटलं होतं त्यापेक्षा बरे दिसताय. मार्क्ड इम्प्रूव्हमेंट आहे."

सर हळू आवाजात म्हणाले, "आज कुठल्या विहिरीचं आणलंस?"

काकी दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"करंजाची कडसर चव लपते होय रे?" सर म्हणाले. "आपल्या वाडीत करंज होता कुठे? पाणी सुधारायला लागलं त्याच दिवशी कळलं मला."

मला रडू आलं, आणि रागही आला, इतका की पलंगावरच्या माणसावर मी ओरडलो. "मग लिहिलंत का सर? वेल कशाला लावलात? तेव्हाच बोलला असतात तर..."

"ही रात्रभर झोपायची नाही. उठून मीठ मोजायची," ते म्हणाले. "तू पहाटे अंधारात सायकल मारायचास." त्यांना धाप लागली. काकींनी पेला खाली ठेवला आणि त्यांच्या छातीवर हात फिरवला. जरा वेळाने ते पुन्हा बोलले. "म्हटलं, लिहिलंय तर होईल. नाही झालं."

काकींचा हात थांबला होता. त्यांच्याकडे न बघताच सर म्हणाले, "तो शेरा पाण्याला नव्हताच."